सदाचा सूर आखूड का झाला

रीडवर रक्त होतं. रीड म्हणजे बोरूची पातळ पट्टी. ती तोंडात धरायच्या टोकाला, म्हणजे माउथपीसला, आवळून बांधतात. फुंकलं की थरथरते आणि सॅक्सोफोन वाजतो. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या सदानं खोकून वाद्य खाली घेतलं, तेव्हा ती पट्टी लाल झाली होती. त्यानं घाईनं वर रुमाल टाकला.

"पान खाल्लंतं, आक्का."

"तोंड उघड."

जीभ पांढरी होती. पान खाणाऱ्याची जीभ मला कळते. माझा जन्म बँडवाल्यांत गेला.

"खोटं बोलतोस."

"मग ओठ चावला असंल की."

एकदा पान, एकदा ओठ. मी त्याच्या हातातलं वाद्य काढून घेतलं.

माझ्या वडिलांचा लग्नाचा बँड होता. चौथीत शाळा सुटली आणि मी वाद्यं पुसायला लागले. पुसता पुसता वाजवायला शिकले. एकदा ऐन लग्नसराईत सॅक्सोफोनवाला दुसऱ्या बँडात पळाला. वडिलांनी त्याचा कोट मला चढवला, टोपी भुवयांपर्यंत ओढली आणि वरातीत उभं केलं. पुढं पुष्कळ वर्षं वाजवलं. पुढचे दात गेले तेव्हा थांबले. कवळीवर एखादा सूर निघतो, वरात निघत नाही. म्हणून घरी शिकवायला लागले. एका वेळी एकच माणूस.

माझे नियम दोन. माउथपीस ज्याचा त्यानं आणायचा. आमच्या बँडात एकाच माउथपीसवर तिघं वाजवायचे. त्यातला एक माझा थोरला भाऊ. तो क्षयानं गेला. तेव्हापासून वडिलांनी दुसऱ्याच्या माउथपीसला तोंड लावू दिलं नाही.

दुसरा नियम लाँग नोटचा. एका दमात एकच सूर, निघेल तितका लांब. मी घड्याळ बघते आणि सेकंद भिंतीवर पेन्सिलीनं लिहिते. रियाज केला म्हणून माणूस थाप मारतो. भिंत मारत नाही.

सदा शिरोलीच्या एका फाउंड्रीत लोखंड ओतायचे साचे भरायचा. फाउंड्री बंद पडायला आली होती. घरात खाणारी तोंडं पाच. एका बँडमास्तरनं त्याला सांगितलं होतं, तुळशीच्या लग्नाआधी ऐकतो, जमलं तर घेतो. म्हणून हा चाळिशीत शिकायला आला. सुरुवात बरी होती. मग भिंतीवर आकडे उतरायला लागले. बावीस. एकोणीस. सोळा.

"प्रॅक्टिस करत न्हाईस तू."

"करतोय की, आक्का. रोज सकाळी, घाटावर."

माझा विश्वास बसला नाही. न सांगता एका सकाळी पंचगंगेच्या घाटावर जाऊन बघितलं. खरंच वाजवत होता. मग मला वाटलं, दुकानदारानं रीड खराब दिली. पुढच्या शिकवणीला त्याचा माउथपीस घेतला, पदरानं पुसला आणि स्वतः फुंकून बघितला. माझा नियम मीच मोडला. कवळी असून माझा सूर अठरा सेकंद चालला. म्हणजे रीड चांगली होती.

"दारू पितोस?"

"आईशप्पत न्हाय."

"मग दुप्पट फुंक."

त्यानं दुप्पट फुंकलं. दोन आठवड्यांनी आकडा बारावर आला आणि रीडवर रक्त.

"चल," मी म्हटलं.

"कुठं?"

"दवाखान्यात."

"नगो, आक्का. मास्तरला कळलं तर घेणार न्हाय मला. पाया पडतो तुमच्या."

"पाया मागनं पड. आधी चप्पल घाल."

रिक्षात तो खरं बोलला. दोन महिने खोकला होता. संध्याकाळी ताप यायचा.

सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, एक्स-रे काढला. टीबी निघाला. सहा महिने गोळ्या, एकही चुकवायची नाही. सदा मान खाली घालून बसला. मी डॉक्टरला विचारलं, "मी ह्याच्या माउथपीसला तोंड लावलंय. मला पण हुणार का?"

डॉक्टर वयानं लहान होता. म्हणाला, "तोंड लावण्याचं एवढं नाही, आक्का. हा रोग खोकल्याच्या हवेतून पसरतो. शिकवता कुठं?"

"घरात."

"खिडकी उघडी असते?"

आवाजाचा त्रास होतो म्हणून शेजारचे पेन्शनर मामा ओरडायचे. त्यांचं तोंड बंद करायला मी खिडकीवर जुनी गादी ठोकली होती. आल्या-गेल्याचा माउथपीस तपासत बसले आणि हवा मीच कोंडली.

माझ्याकडं शिकणाऱ्या बाकीच्या चौघांना तपासायला पाठवलं. ते साफ निघाले. माझीही थुंकी तेव्हा साफ होती. तीन महिन्यांनी मला संध्याकाळचा ताप यायला लागला. दवाखाना तोच, गोळ्या त्याच. गोळी तिथंच, नर्ससमोर गिळायची. सदा माझ्या पुढं रांगेत असायचा. आपली गोळी झाली तरी थांबायचा.

"गिळली का, आक्का?"

"गिळली."

"जीभ दाखवा बघू."

मी दाखवली. त्याचा माझ्यावर विश्वास नव्हता, आणि ते बरोबरच होतं. मळमळतं म्हणून दोनदा मी गोळी गालात धरली होती.

त्या वर्षी मास्तरनं दुसराच माणूस घेतला. पुढच्या लग्नसराईला सदाला घेतलं. तोवर त्यानं भाजीची गाडी ओढली. भिंतीवर त्याचा शेवटचा आकडा चोवीस आहे.

गादी काढून टाकली. मामा अजून ओरडतात. मी सांगते, मामा, कान तुम्ही झाका. आता शिकायला कुणी आलं की माउथपीसच्या आधी मी खोकला विचारते. सूर आखूड झाला तर आळशी म्हणण्याआधी दवाखान्यात पाठवते.

त्या कोंडलेल्या खोलीत आम्ही दोघं होतो. दोघंही जगलो.