काऊन की कामून

फोनवर 'दिनू' असं नाव उमटलं तेव्हा मी डोणगावच्या बसस्टँडवर मेहकरच्या गाडीची वाट बघत उभा होतो. बहिणीकडे आलो होतो, हातात तिने दिलेली वांग्यांची पिशवी होती. फोन उचलला आणि नेहमीसारखं म्हटलं, "काऊन बे?" आमच्या दोघांत फोनवर हॅलो कधी नव्हतंच. इकडून 'काऊन बे', तिकडून 'काऊन बे', आणि मग काय ते बोलणं. त्या दिवशी पलीकडून काहीच आलं नाही. मागे कंडक्टर ओरडत होता, म्हणून मी पुन्हा जरा मोठ्यानं विचारलं. मग एका मुलीचा आवाज आला. "काका, मी स्नेहल बोलून राह्यली... बाबा गेले." स्नेहल म्हणजे दिनूची लेक. पुढे ती काय बोलली आणि मी काय बोललो, ते काही लक्षात नाही. वांग्यांची पिशवी तिथंच बाकावर राहिली, ते नांदुऱ्याला पोचल्यावर कळलं.

ज्यांना आमच्याकडची बोली ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. 'काऊन' म्हणजे 'का', आणि 'बे' हे दोस्तानं दोस्ताला लावायचं. माझ्या पुण्याच्या साडूंना ते शिवीसारखं ऐकू येतं. येऊ दे. दिनकर आणि मी नांदुऱ्याला एका बाकावर शिकलो. त्यानं पुढे वडिलांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान सांभाळलं, मी त्याच गावात ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. विहिरीवरची मोटार जळली की पंचक्रोशीतला माणूस ती डोक्यावर, सायकलवर, बैलगाडीवर घालून दिनूकडे आणायचा. दिनू आतली काळी पडलेली तार उपसून नवी तांब्याची तार भरायचा, आणि सगळं दुकान वॉर्निशच्या वासानं भरलेलं असायचं. त्या वासात मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गाणी ऐकली.

त्याची सुरुवात एका अडकलेल्या कॅसेटपासून झाली. दिनूच्या मामानं मुंबईहून एक जुना टेपरेकॉर्डर आणला होता, आणि त्यात आधीच्या मालकाची कॅसेट फसलेली होती. लेबल फाटलेलं, फीत ताणलेली. दिनूनं स्क्रू ड्रायव्हरनं ती सोडवली, पेन्सिलनं गुंडाळली आणि पुन्हा लावली. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो. सिनेमाची गाणी आणि गणपतीतला बेंजो, एवढंच आमचं संगीत. आणि अचानक त्या खोक्यातून अशा गिटारी वाजल्या की दिनूच्या आईनं आतून विचारलं, काय जळालं. चाल मात्र इतकी गोड, की एकदा ऐकून तोंडात बसली. गाणारा कोण, कुठला, काही पत्ता नाही, पण ध्रुवपद आलं आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. तो माणूस जीव तोडून विचारत होता, "काऊन बे, काऊन बे!" दिनू म्हणाला, "हा आपल्या इकडला हाये बे." आम्ही खरंच तसं मानलं. कोणीतरी वऱ्हाडातला पोरगा विलायतेला गेला असेल आणि तिथं गाणी म्हणून राहिला असेल, अशी एक पूर्ण गोष्ट दिनूनं त्याच्याभोवती रचली. त्याला कुणी सोडून गेलं होतं, म्हणून तो विचारत होता.

दिनूचं लग्न झालं, वंदनावहिनी आल्या. त्यांचं माहेर दुसरबीडचं, म्हणजे जालन्याच्या अंगाला. तिकडे 'काऊन' नाही, 'कामून' म्हणतात. नव्या नवरीला दिनूनं हौसेनं ती कॅसेट ऐकवली. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कामून म्हनतोय तो." झालं. त्या दिवसापासून घरात जो वाद सुरू झाला तो कधी मिटला नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी गाडी फिरून तिथंच यायची. दिनू म्हणायचा, गाणारा मलकापूर-नांदुऱ्याकडला आहे. वहिनी म्हणायच्या, सिंदखेडराजाच्या खाली उतरल्याशिवाय असं कुणी बोलत नाही. मला पंच नेमलं जायचं आणि मी दोघांकडून बोलणी खायचो.

खरा उलगडा व्हायला आमचे केस पांढरे व्हावे लागले. स्नेहलनं बाबांना चांगला फोन घेऊन दिला. गाणं ऐकून त्याचं नाव सांगणारी सोय त्यात होती. दिनूनं ती जुनी फीत फोनसमोर वाजवली, आणि फोननं मुकाट नाव सांगितलं. शब्दही दाखवले. तो 'कमॉन, बेब' म्हणत होता. इंग्रजी शिकवून पोट भरलेला माणूस मी, आणि इतकी वर्षं मलाही ते ऐकू आलं नव्हतं. वहिनींचं 'कामून' तर त्याच्या जास्त जवळ निघालं, आणि त्यांनी आठवडाभर ते बोलून दाखवलं. मला वाटलं दिनू खट्टू होईल. तो फोनकडे बघत म्हणाला, "मंग? लिवनाऱ्यानं चुकीचं लिवलं असंल."

पण त्या दिवशी आम्हाला दुसरीच गोष्ट सापडली. ती गाणारी मंडळी अजून होती, म्हातारी झाली होती आणि नवे अल्बम काढत होती. दिनू त्यांना 'आपले पोट्टे' म्हणू लागला. त्यांच्यासारखे आणखी कितीतरी होते. कुठल्या कुठल्या थंड गावांतली पोरं तळघरात बसून तशीच कडक गिटार आणि तशाच गोड चाली वाजवत होती. या प्रकाराला पॉवर पॉप म्हणतात, हे आम्हाला पन्नाशीच्या तोंडावर कळलं. दिनूनं त्याचं भाषांतर केलं, 'थ्री फेजवरचं भावगीत'. इलेक्ट्रिक गिटारीचा आवाज उचलणारी पट्टी म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार, हे त्यानं कुठंसं वाचलं तेव्हा तर तो जागेवरून उठलाच. "म्हंजे आपल्याच धंद्यातले लोक हायेत ना बे!" गिऱ्हाइकाची मोटार तशीच टाकून त्यानं मला हे सांगायला कॉलेजात फोन केला होता.

नवे अल्बम शुक्रवारी येतात. त्यामुळे शुक्रवार आमचा झाला. दिनूनं त्यालाही वळण लावलं. आमच्याकडे कापसाची पहिली वेचणी करण्याआधी वावरात पूजा करून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, त्याला सीतादही म्हणतात. ते झाल्याशिवाय बोंडाला हात लावायचा नाही. दिनूची आई ते न चुकता करायची. दिनूनं ठरवलं की नवा अल्बमही असाच वेचायचा. वहिनींनी दह्याची वाटी आणि दोन चमचे आणून ठेवायचे, दोघांनी एकेक चमचा दही खायचं, आणि मग पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत, मध्ये एक अक्षर न बोलता ऐकायचं. एकट्यानं ऐकायचं नाही. गाणं मागेपुढे करायचं नाही. संपलं की निकाल दिनूनं द्यायचा. झकास असेल तर 'पहिला वेचा'. हंगाम सरल्यावरही उभ्या ठेवलेल्या पऱ्हाटीतून निघतो तसला रोडका माल असेल तर 'फरदड'. बस्स, दोनच शेरे. मला वाटायचं एवढं सोपं कसं, मी बारकावे काढत बसायचो. तो म्हणायचा, "तू पेपर तपासून राह्यला का बे?" वहिनी वाटी ठेवून आत जायच्या. हे ढणढण त्यांना कधी रुचलं नाही. पण दही विरजायला त्या कधी विसरल्या नाहीत.

दिनूच्या किडन्या गेल्या तेव्हा शुक्रवार हलले. अकोल्याला डायलिसिससाठी जावं लागायचं. नांदुऱ्याहून रेल्वेनं आम्ही दोघं जायचो, येताना तो खिडकीला डोकं टेकून बसायचा. डायलिसिसची सुई टोचायला हातावर मुद्दाम जोडून फुगवलेली शीर होती, तिच्यावर बोट ठेवून म्हणायचा, "वाजून राह्यली पाह्य." खरंच तिच्यात आतून घरघर लागायची. त्या दिवसांत पाणीही मोजून, दहीही जपून. पण नवा अल्बम असला की तो चमच्याच्या टोकाला लावून जिभेवर ठेवायचा. मला ते बघवत नसे. मी दुकानाबाहेर रस्त्याकडे बघायचो.

अशातच बातमी आली की आपले पोट्टे पुन्हा एक अल्बम काढताहेत, बहुधा शेवटचा. हल्लीच्या रिवाजाप्रमाणे त्यातलं एक गाणं त्यांनी आधीच सोडलं होतं. मी गाडीत फोन काढला आणि म्हटलं, ऐकून तर घे. त्यानं मान हलवली. "पुरा आल्यावर. दुकानात." मी म्हटलं, "एक गाणं तर आहे, दिनू." तो म्हणाला, "सीतादही झाल्याबिगर वावरात हात घालतं का कोनी?" मी चिडलो. मला दिसत होतं ना तो किती उतरला होता ते. म्हटलं, "काऊन बे एवढा हट्ट?" तर हसला फक्त. म्हणाला, "येतेच ना आता तो शुक्रवार." अकोल्याहून निघालेली ती गाडी नांदुऱ्याला लागेपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही, आणि त्याला तसं चाललं, कारण त्याला झोप लागली होती.

तो शुक्रवार आला तेव्हा दिनूची तेरवी व्हायची होती.

खरं सांगतो, मला त्याचा राग आला. अजून येतो. एक गाणं ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं? ज्या आवाजाची त्यानं जन्मभर सोबत केली, त्याचा शेवटचा शब्द त्याच्या कानावर पडायला नको होता का? अल्बम माझ्या फोनवर रोज दिसायचा. बोट लावलं की सुरू होणार. मी लावलं नाही. एकट्यानं ऐकायचं नाही हा त्याचा नियम होता, आणि आता तर कायमचंच एकट्यानं ऐकायचं होतं. न ऐकलेलं राहिलं तर निदान काहीतरी आमच्या दोघांचं बाकी राहील, असं मला वाटायचं. ऐकलं की तेही संपलं. बायको म्हणाली, बाहेर जात जा जरा. मी बाहेर जायचो आणि दिनूच्या दुकानाचा स्टेशन रोड टाळून परत यायचो.

काही आठवडे असेच गेले. मग एका शुक्रवारी दुपारी फोन वाजला आणि त्यावर 'दिनू' असं नाव आलं. मला माहीत होतं की फोन आता वहिनींकडे आहे. तरी मी ते नाव दोनदा वाचलं. उचलला. म्हटलं, "हॅलो." पलीकडे वहिनीच होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, ह्या फोनवर हॅलो नका म्हनू. ह्याच्यावर हॅलो कोनी म्हनत नव्हतं." मग म्हणाल्या, "दही लागलंय. या."

दुकान बंदच होतं, पण त्यांनी शटर अर्धं वर करून ठेवलं होतं. कोपऱ्यात कुणाची तरी भरायची राहिलेली मोटार होती, उघडी. वॉर्निशचा वास अजून तसाच होता. दिनूच्या स्टुलासमोर लाकडी पाटावर दह्याची वाटी, आणि तिच्यात दोन चमचे. मला वाटलं सवयीनं ठेवले असतील, म्हणून मी एक उचलून बाजूला ठेवू लागलो. वहिनी म्हणाल्या, "राहू द्या. तो माझा." आणि पहिल्यांदाच त्या आत गेल्या नाहीत. मोटारींच्या खोक्यावर पदर सावरून बसल्या. आम्ही दोघांनी एकेक चमचा दही खाल्लं. मग मी बोट लावलं.

गाणाऱ्याचा आवाज म्हातारा झाला होता. वरच्या सुरांना तो हात घालत नव्हता, खालूनच जात होता, आणि गिटारी मात्र तशाच कडक होत्या. मी पेपर तपासल्यासारखं काही ऐकलं नाही. एकही बारकावा टिपला नाही. रडू येत होतं ते येऊ दिलं. वहिनी मांडीवर हात ठेवून शटरखालून दिसणाऱ्या रस्त्याकडे बघत होत्या. शेवटचं गाणं संथ होतं, त्यात ते ध्रुवपद कुठं नव्हतं. कुणाला बोलावणं नाही, कुणाला विचारणं नाही. ते संपलं आणि स्पीकरमधून नुसती बारीक घरघर येत राहिली.

आता निकाल यायचा होता. मी सवयीनं त्या स्टुलाकडे बघितलं, तर वहिनीही तिकडेच बघत होत्या. नवऱ्याला त्यांनी उभ्या जन्मात 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती. त्या अगदी हळू, त्या स्टुलालाच म्हणाल्या, "कामून बे..."

दिनू असता तर तिथल्या तिथं म्हणाला असता, कामून नाही वं, काऊन. आम्ही दोघंही तेवढ्यासाठी थांबलो.