मुनीरभाईंची जागा

मुनीरभाईंची आणि माझी ओळख भांडणातून झाली. अहमदपूरच्या शाळेच्या मैदानावर मी बेसबॉलचा नवा पिचर होतो आणि चेंडू फेकण्यापेक्षा ऐटच जास्त करत होतो. ते माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. फाटका चेंडू घेऊन समोर उभे राहिले. "काय करायलास रे? फेकतोस का आपटतोस?" दुसऱ्या दिवशी तोच चेंडू शिवून आणून दिला. बाजारात त्यांच्या वडिलांचं चपलांचं दुकान होतं, त्यामुळे आरी आणि दोरा घरचाच.

मुनीरभाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्या खेळाविषयी लिहा, असं ग्रंथाच्या समितीने कळवलं. मुनीरभाई कायम रिलीफ पिचर राहिले. म्हणजे सामना दुसऱ्याने सुरू करायचा. त्याचा दम संपला, तिन्ही बेसवर समोरच्या संघाचे खेळाडू धाव काढायला टपून उभे राहिले, लोक ओरडू लागले की यांना बोलवायचं. ते दुकान उघडायला निघाल्यासारखे सावकाश चालत येत आणि सामना सावरून देत. हार आणि फोटो मात्र सुरुवात करणाऱ्याचे. आमच्या संघात तो सुरुवात करणारा मी होतो.

नांदेडच्या संघाविरुद्ध अंतिम सामना होता. शेवटच्या इनिंगमध्ये आम्ही एका धावेने पुढे, तिन्ही बेस भरलेले, आणि चेंडू माझ्या हातात. मी खांदा धरून खाली बसलो. "खांदा गेला" म्हणून बाहेर आलो. खरं सांगतो, खांद्याला काडीचंही झालं नव्हतं. मी घाबरलो होतो. मुनीरभाईंनी एकही धाव न देता सामना जिंकला आणि परतताना एसटीत माझा खांदा चोळून दिला. चोळणाऱ्या हाताला कळतं हो, कुठे दुखतंय आणि कुठे नाही.

पुढच्या आठवड्यात लातूरला राज्य संघाची निवड होती. पिचरची जागा एकच उरलेली, आणि ती आम्हा दोघांपैकी एकाला मिळणार होती. निवड करणाऱ्यांना माझ्या खांद्याची शंका होती, म्हणून त्यांनी मुनीरभाईंनाच विचारलं. ते म्हणाले, "खांदा ठणठणीत हाय त्याचा." मी राज्याकडून खेळलो, खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीला लागलो आणि गप्प बसलो. ते दुकानात बसले.

खेळ मात्र त्यांनी सोडला नाही. आजही संध्याकाळी दुकान मुलाच्या हवाली करून ते मैदानावर मुलींना शिकवतात. कंधारच्या एका डावखुऱ्या मुलीला बाजारात तिच्या हाताचा ग्लोव्ह मिळेना, तर यांनी चपलांच्या चामड्यातून शिवून दिला. दोनदा उसवला, तिसऱ्यांदा टिकला. ती मुलगी आता स्वतः शिकवते.

हा लेख लिहायच्या आधी मी दुकानात गेलो आणि सगळं कबूल केलं. मुनीरभाई चपलेला टाका घालत होते. मान वर न करता म्हणाले, "ठाव हाय की. तवापासनं."

"मग निवड करणाऱ्यांना का नाही सांगितलं, मी घाबरून बाहेर आलो ते?"

"त्यांनी खांद्याचं इचारलं, म्या खांद्याचं सांगितलं."

"राग नाही आला?"

"लई आला. दोन वरीस तुझ्याशी बोललो न्हाई. तुला वाटलं असंल, दुकानात गर्दी हाय."

खरंच, मला तसंच वाटलं होतं. काय म्हणावं माझ्या अकलेला! मी माफी मागितली. त्यांनी दोरा तोडला, चहा सांगितला आणि म्हणाले, "बघू. ते काही लिहू-बिहू नको. तुझी लेकरं वाचतील."

वाचू देत. त्यांनी आणि आपण सर्वांनीच वाचावं, म्हणून इथे लिहितो: राज्य संघातली ती जागा मुनीरभाईंची होती.

मुनीरभाई, आपली प्रकृती अशीच उत्तम राहो. हे एवढं लिहायला मला सारं तारुण्य आणि अर्धं म्हातारपण लागलं. माफ करायला तुम्हालाही तितकाच वेळ लागणार असेल तर खुशाल घ्या. पण तेवढं जगा. मी थांबतो.