पोदेराचा भोंपू आणि आमचं इलेक्ट्रॉनिक संगीत

आमचा इलेक्ट्रॉनिक संगीताचा कालखंड एकूण एक संध्याकाळ टिकला.

एरवी आम्ही रॉकवाले. मी गिटार, मावसभाऊ उमेश ड्रम. पेडण्यात आमचं नाव होतं (ते लोक कोणत्या सुरात घ्यायचे ते विचारू नका). पण उमेशने लॅपटॉप घेतला आणि जाहीर केलं, "गिटार संपली! आता घरातल्या आवाजांचं संगीत!" मग आम्ही मिक्सर टिपला, कुकरची शिट्टी टिपली आणि सायकलवरून पाव विकत येणाऱ्या मिंगेल पोदेराचा भोंपूही टिपला.

नेमक्या त्याच संध्याकाळी डिचोलीची मंडळी माझ्या बहिणीला, सुप्रियाला, बघायला येणार होती. मुलगा तिच्या पसंतीचा. अडलं होतं त्याच्या वडिलांच्या होकारापाशी. आईने पातळ भाजी करून ठेवली होती. आता मिंगेलचे गरम उंडे, म्हणजे गोल पाव आले, की झालं!

आम्ही स्टेजचा स्पीकर बाहेरच्या सोप्यावर ठेवला आणि उमेशने कळ दाबली. पोंऽ पोंऽ! पोंपोंपोंऽऽ! एका पोदेराचे पन्नास पोदेर झाले! पाच मिनिटांत अख्खा वाडा पिशव्या घेऊन आमच्या अंगणात.

"पोदेर खंय रे?" शेजारच्या शांताकाकीने विचारलं.

"काकी, हे संगीत आहे."

"तां असांदी. पोदेर खंय?"

पोदेर वाड्याच्या तोंडावरूनच परत फिरला होता. आपल्या वाड्यात दुसरा कोणी शिरला, असं समजून!

"मेल्यांनो!" आई कडाडली. "पावण्यांक काय वाडू? तुमचो लॅपटॉप?"

सुप्रिया रडकुंडीला आली. ते मला सहन होईना. स्कूटर काढली आणि मिंगेलला चोपड्याच्या पुलाजवळ गाठलं.

"तुमकां नवो पोदेर मेळ्ळा न्हय? ताचेकडल्यान घे!" तो फणकारला.

"मिंगेलबाब, तो पोदेर मीच!"

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुजो पांटलो खंय?" पाटी नसलेला पोदेर त्याने जन्मात पाहिला नव्हता. तो बघायलाच माझ्यामागून निघाला.

आम्ही पोचतो तर पाहुण्यांची गाडी दारात! मुलाचे वडील अंगणातली गर्दी पाहून थबकले होते.

"सगळो वाडो आमकां पळोवपाक आयला?"

"होय तर, तुम्हालाच बघायला!" आई म्हणाली.

"आनी पिशव्यो?"

"आमच्याकडची पद्धत!"

तेवढ्यात माझ्यामागून मिंगेलने खरा भोंपू वाजवला. पोंऽ! क्षणात अख्खी पद्धत पाहुण्यांना सोडून पाटीवर तुटून पडली. मी उंडे हिसकावून आणले.

मुलाचे वडील पोट धरून हसले, भाजीत बुडवून तीन उंडे संपवले आणि म्हणाले, "सोयरीक पक्की! असलो हांसपी वाडो खंय मेळटलो?" सुप्रियाचा चेहरा उजळला, आई मटकन खाली बसली आणि मला कधी नव्हे ते देवाचे आभार मानावेसे वाटले.

"पूण लग्नाक म्युझिक हांगाचेंच जाय," ते पुढे म्हणाले. "आतां जो इतलो बरो वाजयतालो, तोच जाय!"

इथलाच वाजवणारा हवा म्हटल्यावर मी लाजत पुढे झालो. त्यांनी मला हाताने बाजूला सारलं आणि हाक मारली, "ए पोदेरा!"