रिबाउंड आणि माझं नाक

माझ्या मुलीनं माझं नाक फोडलं, तेही मी तिला मदत करत असताना.

शाळेच्या बास्केटबॉल संघासाठी दुसऱ्या दिवशी निवड होती. गौरीची उंची चांगली, उडीही चांगली. पण रिंगवर आदळून परतणारा चेंडू, म्हणजे रिबाउंड, घेताना मागून धक्का लागला की ती घाबरून जागा सोडायची. निवडीच्या वेळी जागा सोडलीस तर घरी बस, असं सरांनी बजावलं होतं. तेव्हापासून पोरगी नीट जेवत नव्हती. नालवाडीच्या आमच्या अंगणात सरावाला तिच्या मागे उभा राहायला एक जाडजूड माणूस हवा होता. (घरात तसा एकच आहे.)

सरांची पद्धत सोपी होती. मागच्याला पाठ द्यायची, गुडघे वाकवून त्याला तिथंच अडवायचं, मग उडी मारून चेंडू धरायचा, हनुवटीखाली घ्यायचा आणि कोपरं बाहेर काढायची. चेंडू फेकायला बायको. मला लहानपणापासून अंगावर येणाऱ्या कुठल्याही गोल वस्तूची भीती वाटते. पहिला चेंडू आला तसा मी थेट वांग्यांच्या वाफ्यात!

"बाबा, काऊन मांगं सरून राह्यले? मंडीत लिलावाच्या वक्ताले लोटता तसं लोटा ना."

मी डोळे मिटले, भाजीचा लिलाव आठवला आणि लोटलं. गौरी हलली नाही. उडाली, चेंडू हनुवटीखाली, कोपरं बाहेर. उजव्या कोपराच्या वाटेत माझं नाक होतं. रक्त पाहून ती रडायला लागली, "मले नाई खेळाचं." आता मात्र मी खरा घाबरलो. नाक बरं झालं असतं, पण माझ्या नाकापायी पोरगी घरी बसली असती तर मी तोंड कुठं लपवणार होतो?

म्हणून सकाळी नाकाला पट्टी लावून मीच तिला मैदानावर नेलं. नाकाला काय झालं असं ज्यानं ज्यानं विचारलं, त्याला अभिमानानं सगळं सांगितलं. परिणाम असा, की गौरीच्या मागे उभी राहायला एकही मुलगी तयार होईना.

सर वैतागले. "काका, तुम्हीच या."

मी नाकाची पट्टी सावरत तिच्या मागे उभा राहिलो. चेंडू रिंगवर आदळला, गौरी वळली आणि मी चार हात मागे! तिनं शांतपणे चेंडू घेतला. बघा, जागा अशी अडवायची, असं इतर मुलींना सांगून सरांनी तिचं नाव लिहिलं.

परतताना मी फुशारकीनं म्हटलं, काय जोर लावलास गं, बापाला पार मागं फेकलंस.

गौरी हळूच म्हणाली, "बाबा, म्या तं तुमाले हातई नव्हता लावला."