अक्काच्या तुतीची रोपं

माझी थोरली बहीण आंबेगाव तालुक्यात दिलेली. लग्नानंतर काही वर्षांनी तिनं घरामागच्या तुकड्यात तुती लावली आणि शेडमध्ये रेशमाच्या अळ्या पाळायला लागली. मला त्या अळ्यांची शिसारी यायची. अक्का मात्र पाला टाकताना त्यांना म्हणायची, “खा गं बायांनो, पोटभर खा.”

मी नारायणगावच्या एका टिश्यू कल्चर लॅबमध्ये काचेच्या बाटल्यांत केळीची रोपं तयार करते. तुतीला मूळकूज लागली तेव्हा अक्कानं मला फोन केला.

“एकेक झाड वाळत चाललंय. फांद्या लावून बघितल्या, त्यापण कुजल्या. तुझ्या बाटल्यांत काय जमतंय का बघ.”

तग धरून राहिलेल्या एका झाडाची कोवळी पानं तिनं ओल्या फडक्यात गुंडाळून दाजींबरोबर पाठवली.

तुतीवर मी कधी काम केलं नव्हतं. पानं औषधात धुतली, नखाएवढे तुकडे केले आणि बाटल्यांमधल्या जेलीसारख्या खाद्यावर ठेवले. पहिल्या खेपेला सगळीकडे पांढरी बुरशी आली. मी पुन्हा पानं मागवली. या वेळी काही तुकडे फुगले, कडेला हिरवट गाठी धरल्या आणि बऱ्याच दिवसांनी एका गाठीतून कोंब वर आला.

तोवर अक्काच आजारी पडली होती. यकृताचा कॅन्सर, तोही पसरलेला. पुण्याहून तपासून येताना तिनं दाजींना घरी थांबू दिलं नाही, गाडी सरळ नारायणगावला आणायला लावली. चेहरा पिवळा पडलेला. माझा हात धरून ती आत आली, बाटली उजेडात धरून बघत राहिली.

“नुसत्या पानातनं आलं हे?”

“हो.”

“मुळं कवा फुटायची?”

“महिना-दीड महिना लागेल अजून.”

“लई नाजूक हाय गं. बाहेर काढायची घाई नको करू.”

मुळं फुटायच्या आधीच ती गेली.

तेराव्यानंतर मी कामावर आले. एके दिवशी शेजारच्या टेबलावरची मुलगी आनंदानं ओरडली, “मॅडम, मुळं आली!” मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि रडले.

त्या कोंबापासून वाढवलेली बरीच रोपं मातीत लावल्यावर माना टाकून मेली. जगली ती ट्रेमध्ये घेऊन मी दाजींकडे गेले. तुतीच्या जागी नांगरट झाली होती, शेडमध्ये कांदा भरला होता.

“ठेवली असती गं,” दाजी म्हणाले, “पण तिथं पाला तोडताना तीच दिसती मला. तू घेऊन जा.”

त्यांनी चहा केला. निघताना स्वतःच ट्रे गाडीत ठेवला, वर ओलं पोतं टाकलं आणि माझ्याकडे न बघता घरात गेले.

रोपं मी निमगाव साव्याला आईकडे, आमच्या बांधावर लावली. आता ती खांद्याएवढी झालीत. परवा गेले तर आई कोयता घेऊन तुती छाटत होती.

“छाटली न्हाई तर पान बारीक पडतंय, ती सांगायची,” आई म्हणाली.

“आई, पण खायला अळ्या कुठं आहेत?”

छाटलेल्या फांद्या गोळा करून तिनं शेळीपुढं टाकल्या आणि तिथंच खाली बसली. मीही तिच्याशेजारी बसले.