शांतवनचं कॉफीचं जातं

सकाळी सातच्या सुमारास वहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले," त्या म्हणाल्या. "नाडी मीच पाहिली. तुम्ही गाडी सावकाश चालवत या." जन्मभर नर्सची नोकरी केलेल्या बाईचा तो आवाज होता, वॉर्डाबाहेर थांबलेल्या नातेवाइकांशी बोलताना लावायचा. मी सावेडीला त्यांच्या घरी पोहोचलो तेव्हा शांतवन पलंगावर होता, चादर छातीपर्यंत नीट ओढलेली, आणि स्वयंपाकघरात ओट्यावर त्याचं कॉफी दळायचं हातयंत्र उभं होतं. नेहमीसारखा तो साडेपाचला उठला होता, वहिनी उठायच्या आत त्याने बिया भरल्या होत्या, दांडा बसवला होता, मग जरा अस्वस्थ वाटतंय म्हणून पुन्हा आडवा झाला... दळायचं तेवढं राहिलं.

त्याला आता दीड महिना होऊन गेला. स्मरणसभेत लोक त्याच्याविषयी चांगलं बोलले आणि ते सगळं खरंच होतं. कामाचा पक्का, शब्दाचा पक्का, चर्चच्या मांडवाचं छत पेलणाऱ्या लोखंडी कैच्या स्वतः वेल्डिंग करून देणारा. माझ्यावर बोलायची वेळ आली तेव्हा मी कशीबशी दोन वाक्यं बोललो आणि खाली बसलो. मित्राविषयी बोलायला काही नव्हतं असं नाही. पण जी एक गोष्ट सांगावीशी वाटत होती, ती कोणालाही सांगायची नाही असं त्याने मला बजावलं होतं, आणि जिच्यापासून ती लपवायची ती बाई पहिल्या रांगेत पांढरी साडी नेसून बसली होती.

शांतवन आणि मी नगरजवळच्या नागापूरच्या एकाच कारखान्यात एकतीस वर्षं काढली. तो टूलरूमला, मी इन्स्पेक्शनला. म्हणजे त्याने वस्तू घडवायची आणि मी तिच्यात खोट काढायची, असा आमचा रीतसर संबंध. पहिल्याच महिन्यात मी त्याने बनवलेला मापाचा एक गेज नापास केला. तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी दंडाला धरून मला टूलरूममध्ये नेलं, माझाच मायक्रोमीटर चुकीचं माप दाखवतोय हे सिद्ध करून दिलं आणि म्हणाला, "आता सोताला नापास कर." तेव्हापासून तो मला इन्स्पेक्टर म्हणायचा आणि आम्ही डबा एकत्र खायला लागलो. तो मूळ शेवगावकडचा. नगरात आयुष्य गेलं, पण बोलणं गावचंच राहिलं. मी पारनेर तालुक्यातला, राळेगणच्या पलीकडचा, चहावर वाढलेला. कॉफी ही डोकं दुखत असताना प्यायची गोष्ट असते, एवढंच माझं त्या विषयातलं ज्ञान.

त्या घरात कॉफी आली ती रूथवहिनींमुळे. त्यांचं नर्सिंगचं शिक्षण मद्रासकडे झालेलं. तिथल्या होस्टेलमध्ये सकाळच्या ड्यूटीआधी फिल्टरची कॉफी मिळायची, ती चव घेऊन त्या नगरला आल्या आणि आमच्या चहाच्या गावात अडकल्या. संसार, ड्यूट्या, मुलाची शाळा यांत ती कॉफी मागे पडली. रविवारी उपासनेहून आल्यावर बाटलीतली कॉफी व्हायची, तीही अगदी पाणचट. शांतवनला ती मुळीच आवडायची नाही, पण सोबत म्हणून प्यायचा आणि कप ठेवला की माझ्याबरोबर चौकात चहाला यायचा.

मग ती तापाची साथ आली. वहिनी त्यातून उठल्या, पण त्यांच्या नाकाचा वास गेला. सर्दीत जातो तसा नाही, पार गेला. दूध करपून भांड्याला लागलं तरी शेजारी उभं राहून कळेना. वॉर्डात पाऊल टाकताच कोणत्या खाटेवरची जखम चिघळली आहे हे जिला नुसत्या वासावरून कळायचं, तिला आमटी आणि कोमट पाणी एकच लागायला लागलं. खडू चघळल्यासारखं वाटतं म्हणायच्या आणि ताट सरकवून द्यायच्या. वर्षभरात ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले. बोलणंही कमी झालं. शांतवन घाबरला. एकदा मला म्हणाला, "ती हाय, पन घरात न्हाई." डॉक्टरांनी सांगितलं होतं की ओळखीचे वास रोज देत राहा, काहींचा परत येतो, खात्री कोणी देऊ शकत नाही. लवंग झाली, लिंबू झालं, कापूर झाला. शेवटी त्याने विचारलं, तुला सगळ्यात जास्त कशाचा वास आठवतो? त्या म्हणाल्या, ताज्या दळलेल्या कॉफीचा.

झालं, टूलरूमला काम मिळालं. त्यांच्या मुलाची नोकरी बंगळूरला. त्याने भाजलेल्या बिया पाठवल्या आणि शांतवनने त्या मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवल्या. मी गेलो तेव्हा कागदावर भुकटी पसरून तो भिंगातून बघत बसला होता. थोडं पीठ, थोडा रवा आणि मध्येच अख्खे तुकडे. "ह्ये दळनं न्हाई, ह्ये कुटनं हाय," असा निकाल त्याने दिला. मिक्सरचं पातं बी फोडतं, सारखी दळत नाही, आणि वर तापून तिचा वास भांड्यातच घालवतं. म्हणून मग यंत्राचा शोध सुरू झाला. नगरच्या तीन दुकानांत तो मला घेऊन फिरला. सगळीकडे मसाला कांडायचे मिक्सर दाखवले. अखेर मुलाने विजेचं यंत्र मागवून दिलं, ते याने चालवायच्या आधी खोललं. आत दातेरी पोलादी दोन चकत्या, एक स्थिर, एक फिरणारी, आणि त्यांच्यातलं अंतर कमीजास्त करायची सोय. पोराला खेळणं मिळावं तसा खूश झाला. आपलं जातंच आहे, म्हणाला, फक्त त्याला विजेचा खुंटा लावलाय. मग आठ दिवस ते अंतर ठरवण्यात गेले. बारीक दळलं तर फिल्टरमधून थेंब उतरेना, जाड ठेवलं तर नुसतं तांबूस पाणी. नापास झालेली सगळी कॉफी अर्थातच इन्स्पेक्टरने प्यायली.

रोज सकाळी तो दळायचा, झाकण उघडून वहिनींच्या नाकाशी धरायचा आणि विचारायचा, "येतोय?" त्या मान हलवायच्या. तो म्हणायचा, "उद्या." मी दोनचार वेळा हे पाहिलं आणि नंतर त्या वेळेला जायचं बंद केलं. मला ते बघवायचं नाही. असं जवळपास वर्षभर चाललं. मग एका सकाळी त्याचा फोन आला आणि त्याला बोलताच येईना. वडिलांना माती देताना न रडलेला माणूस फोनवर हुंदके देत होता. वहिनी म्हणाल्या होत्या, "येतोय... थोडासा." त्याने बेकरीतून केक आणून गल्लीत घरोघर दिला. पुढच्या रविवारी उपासनेत उभं राहून देवाचे आभार मानले. मलाही त्याने मुद्दाम बोलावलं होतं. त्याच्याशेजारी वहिनी मांडीवरच्या हातांकडे बघत बसल्या होत्या. मला वाटलं, भरून आलंय.

त्यानंतरच्या नाताळात शेवगावहून त्याची बहीण आली. घरात दळायचं यंत्र आहे म्हटल्यावर तिने भाजलेले शेंगदाणे आणि लसूण त्यात टाकून चटणी करायला घेतली. शेंगदाण्याला तेल सुटलं, यंत्र गच्च झालं. घाबरून तिने ते कसंबसं मोकळं केलं, फडक्याने पुसलं, जागेवर ठेवलं आणि तेव्हा कोणाला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फराळाला गेलो होतो. शांतवन आम्हा पाहुण्यांत अडकलेला, म्हणून कॉफी वहिनींनी स्वतःच दळली, स्वतःच केली आणि ट्रे घेऊन आल्या. पहिल्या घोटालाच मला ठसका लागला. कॉफीला लसणाचा असा भपका होता की बहिणीचा चेहरा पांढरा पडला. वहिनींनी शांतपणे एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "आज वास छान सुटलाय, नाही?" बहिणीने कप खाली ठेवला. मग शांतवन म्हणाला, "व्हय. लई छान." त्याने कप संपवला आणि माझ्याकडे अशी नजर टाकली की मीही संपवला.

फाटकापर्यंत तो मला सोडायला आला. "तिला वास येत न्हाई, इन्स्पेक्टर," तो म्हणाला. "कंदीच आला न्हाई. माझ्यासाठी म्हनली ती." मी म्हटलं, मग तिला सांग ना की कळलं, दोघंही मोकळे व्हाल. तो बराच वेळ फाटकाची कडी वरखाली करत राहिला. सगळ्या मंडळीसमोर उभं राहून आपण आभार मानलेत, आता हे उघड झालं तर तिला मान वर करता येणार नाही, असं त्याचं म्हणणं. तू बोलायचं नाही, कधीच नाही, असं माझ्याकडून कबूल करून घेतलं. मला रागच आला. मी विचारलं, मग ते आभार कशाचे मानलेस? तो म्हणाला, "माझ्यासाठी खोटं बोलली, त्याचेच मानले समज."

आठवड्याभरात त्याने विजेचं यंत्र साफ करून खोक्यात भरून ठेवलं आणि हाताने फिरवायचं यंत्र शोधायला लागला. मी त्याची यथेच्छ टिंगल केली. सगळं जग हाताकडून विजेकडे जातंय आणि हा निघालाय उलटा. मागवलेलं पहिलं हातयंत्र त्याने परत पाठवलं, कारण मधली दांडी सरळ फिरत नव्हती. आतल्या जात्याला डायल गेज लावून त्याने ते तपासलं होतं. दुसरंही परत गेलं. तिसरं बरं निघालं, तरी खालच्या बाजूला दांडीला जरासा प्ले, म्हणजे ढिलेपणा, होता, म्हणून नागापूरच्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन लेथवर पितळी बुश करून बसवलं. दांडा लांब केला म्हणजे जोर कमी लागेल. वहिनींची बोटं सांध्यांत धरायची, म्हणून त्यांच्या मुठीचं माप घेऊन बाभळीच्या लाकडाची मूठ कातून घेतली. एवढा खटाटोप कशाला, असं मी विचारलं तेव्हा तो सरळ म्हणाला की विजेच्या यंत्रातून नाकालाच काय ते मिळतं, आणि तिच्या नाकाला काही मिळत नाही. हाताने दळलं तर हाताला तरी कळेल.

वहिनींना मात्र त्याने सांगितलं, माझा खांदा दुखतो, तू फिरव, मी धरतो. पहिल्यांदा दळताना मी तिथे होतो. सुरुवातीला बिया फुटताना मूठ अडखळते, मग हात एका लयीत चालतो, आणि शेवटची बी गेली की दांडा एकदम हलका होतो. तो हलका झाला तेव्हा वहिनी हसल्या. कितीतरी दिवसांनी मी त्यांना हसताना पाहत होतो. पुढे दोन वर्षं रोज सकाळी हे दोघं समोरासमोर बसून, एक धरणार, एक फिरवणार, असं दळत राहिले. वहिनी हळूहळू जेवायला लागल्या. आणि "येतोय?" हे शांतवनने पुन्हा एकदाही विचारलं नाही.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. वहिनींनी माझ्यासाठी चहा केला. तो गेल्यापासून घरात कॉफी झालेली नव्हती. मी घोट घेतला आणि त्या म्हणाल्या, "भाऊजी, मी ह्यांना फसवलं. मला वास कधी आलाच नाही." पुढचं त्या भराभर बोलल्या. शांतवन रोज सकाळी इतक्या आशेने बघायचा की एक दिवस तोंडातून निघून गेलं. मग केक वाटला गेला, आभार मानले गेले, आणि शब्द मागे घ्यायला वाटच राहिली नाही. रोज ठरवायच्या की उद्या सांगू. "मी खोटं बोलले आणि ते खरं मानून ते गेले," त्या म्हणाल्या. "आता कोणाची माफी मागू?"

मी जन्मभर चूक दिसली की बोलत आलो. तोच माझा धंदा. एकदाच गप्प बसलो, मित्राला शब्द दिला म्हणून. आता तो शब्द पाळायचा तर ही बाई हे ओझं घेऊनच मरणार होती. मी म्हणालो, "वहिनी, त्याला माहीत होतं." आणि मग सगळं सांगितलं. लसूण, फाटक, हातयंत्र कशासाठी घेतलं ते, त्याने आभार कशाचे मानले ते.

त्यांनी माझा कप उचलून ओट्यावर नेऊन ठेवला, आणि मला वाटलं, घोडचूक केली. मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी कॉफीत लसूण होता?" मी हो म्हणालो. "आणि हे प्यायले?" "पूर्ण कप," मी म्हणालो, "मलाही पाजला." त्या हसायला लागल्या आणि हसता हसताच पदर डोळ्यांना लावला. "म्हणून मग विचारायचे थांबले," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, माझ्यावर विश्वास बसला म्हणून." मी माफी मागितली. मी तेव्हाच तोंड उघडलं असतं तर ती दोन वर्षं त्यांना एकमेकांपासून काही न लपवता मिळाली असती. ते मला बरोबर घेऊनच राहावं लागणार आहे.

थोड्या वेळाने त्या उठल्या. मुलाने पाठवलेलं नवं पाकीट फोडलं, यंत्रात बिया भरल्या आणि ते माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "धरा." मी दोन्ही हातांनी धरलं. त्यांनी फिरवायला सुरुवात केली. शांतवनच्या हातात ही थरथर दोन वर्षं रोज येत होती, हे मला तेव्हा समजलं. दांडा हलका झाला. वहिनींनी खालचं भांडं काढलं, पण स्वतःच्या नाकाशी नेलं नाही. माझ्यापुढे धरलं.

"सांगा भाऊजी," त्या म्हणाल्या. "कसा येतोय?"

मी चहावाला माणूस, मला काय सांगता येणार... पण सांगितलं. तव्यावर भाकरीची कड जराशी करपते ना वहिनी, तसा पहिल्यांदा येतोय. त्याच्या मागून काकवीसारखा काहीतरी गोड. आणि त्याच्याही खाली ओल्या लाकडाचा, अगदी बारीक. एवढ्यावर माझे शब्द संपले. वहिनींनी डोळे मिटले होते.

"अजून सांगा," त्या म्हणाल्या.