बाईंची खरी वाक्यं

बाईंना खोटं वाक्य चालत नसे. इंग्रजी व्याकरणाच्या सरावातसुद्धा नाही.

त्या जबलपूरच्या खमरिया भागातल्या शाळेत शिकवत आणि तिथल्याच क्वार्टरमध्ये एकट्या राहत. पोरं त्यांना ‘क्लॉजवाली बहनजी’ म्हणत. मी शहपुऱ्याहून कॉलेजसाठी जबलपूरला आलो होतो. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मीच पहिला. इंग्रजी अडलं, म्हणून संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊ लागलो.

पहिल्या दिवशी मी गाइडमधलं वाक्य लिहिलं : जो मुलगा खेळतो आहे, तो माझा भाऊ आहे.

“भाऊ आहे तुला?”

“नाही जी. दोन बहिणी.”

“मग खोडून टाक. आपलं वाक्य लिही.”

क्लॉज ओळखायचा तर त्याला प्रश्न विचारायचा, ही त्यांची रीत. ‘काय’चं उत्तर मिळालं तर नाउन क्लॉज, ‘कोणता’चं मिळालं तर ॲडजेक्टिव्ह, आणि ‘केव्हा, कुठे, काहून’चं मिळालं तर ॲडव्हर्ब. ‘काहून’, म्हणजे ‘का’, म्हणताना त्या पेन्सिल माझ्यावरच रोखत.

खरी वाक्यं मला जड जायची. बाबांच्या भाजीच्या ठेल्यावर लिहिलं, नर्मदेच्या ग्वारीघाटावरच्या होड्यांवर लिहिलं, मग काही उरलं नाही. वर्गात मी गप्प असायचो, खोलीवर कोणी नसायचं. शेवटी एकदा लिहिलं : मी कॉलेज सोडून घरी जाणार आहे, कारण इथे माझ्याशी कोणी बोलत नाही. ‘कारण’पासून पुढे रेघ ओढून ‘ॲडव्हर्ब क्लॉज’ असंही लिहिलं.

“ओळखलं बरोबर,” म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. रागावल्या असं वाटलं. पण त्या चहा-पोहे घेऊन आल्या.

“मी काय भिंतीशी बोलून राहिली का रे, बाबू? खोटं आहे हे. खोडून टाक.”

मी खोडलं. कॉलेजही सोडलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात बाई रिटायर झाल्या. क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा त्या इंदूरला मुलाकडे गेल्या. टेम्पो निघताना म्हणाल्या, “फोन करत जा. मराठीत बोललास तरी चालेल.”

परवा फोन केला. आवाज बारीक वाटला.

“अच्छं आहे रे इथं. सकाळी सगळे ऑफिसात जातात. दिवसभर माझ्याशी कोणी बोलत नाही, बस.”

‘खोडून टाका’ असं माझ्या ओठांवर आलं.

“बाई,” मी विचारलं, “पोहे किती वेळ भिजवायचे?”

मला ते ठाऊक होतं. त्या बराच वेळ सांगत राहिल्या.